विश्लेषण : हिट गाण्यांचा संग्रह श्रोत्यांना आवडतो, मग समीक्षकांना का खुपतो? 'क्वीन' ते कवठे येमाई

चैत्र उजाडला की शिरूर आणि दौंड तालुक्यांत गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि त्यांच्यासोबत एक जुना वादही. यात्रा कमिटीने फडाला सुपारी दिलेली असते. गण, गवळण, बतावणी होते आणि वगाला सुरुवात होण्याआधीच पुढच्या रांगांतून आरोळी येते, 'वग राहू द्या, गाणी होऊ द्या!' फडमालक गर्दीचा अंदाज घेतो आणि गाजलेल्या गाण्यांचा रतीब सुरू होतो. मागे बसलेले जुने जाणते उठून घरी जातात. तमाशाचा ऑर्केस्ट्रा झाला, ही त्यांची तक्रार. गर्दी मात्र खूश असते.

रॉक संगीतात हाच वाद 'ग्रेटेस्ट हिट्स' या नावाने पन्नासेक वर्षे चालू आहे. बँड जुना झाला की कंपनी त्याची गाजलेली गाणी एका अल्बममध्ये बांधून बाजारात आणते. तो अल्बम धो धो खपतो आणि समीक्षक नाक मुरडतात. या वादाचे सर्वात बोलके उदाहरण ज्या बँडचे आहे, त्याचा गायक पाचगणीच्या शाळेत शिकला होता. त्या बँडच्या संग्रहांवर काय टीका झाली, ती कितपत रास्त होती आणि तिचा शिरूर-दौंडच्या गाण्यांशी काय संबंध, हे समजून घेण्यासारखे आहे.

पाचगणीचा विद्यार्थी कोण?

फ्रेडी मर्क्युरी. मूळ नाव फारुख बलसारा. पारशी कुटुंब, जन्म १९४६ मध्ये झांजिबारला. शिक्षणासाठी त्याला लहानपणीच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात पाठवण्यात आले. तिथेच १९५८ च्या सुमारास मित्रांसोबत त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा शाळकरी बँड काढला. हा बँड क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड अशा त्या काळच्या गायकांची गाजलेली गाणी शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायचा. म्हणजे पुढे ज्याच्या गाण्यांचे संग्रह जगभर खपले, त्याची सुरुवातच दुसऱ्यांच्या हिट गाण्यांनी झाली.

१९७० मध्ये लंडनमध्ये 'क्वीन' स्थापन झाला. गायक फ्रेडी, गिटारवर ब्रायन मे, ड्रमवर रॉजर टेलर आणि थोड्याच काळात बेस गिटारवर जॉन डीकन.

संग्रह किती आणि कोणते?

महत्त्वाचे तीन. 'ग्रेटेस्ट हिट्स' १९८१ मध्ये आला, 'ग्रेटेस्ट हिट्स २' हा १९९१ मध्ये आणि 'ग्रेटेस्ट हिट्स ३' हा १९९९ मध्ये. ब्रिटनमधल्या आवृत्तीत तिन्हींमध्ये प्रत्येकी १७ गाणी आहेत. पहिला संग्रह ब्रिटनच्या इतिहासातला सर्वाधिक खपलेला अल्बम आहे. २०२२ मध्ये त्याने तिथे ७० लाखांचा टप्पा ओलांडला आणि असे करणारा तो पहिलाच अल्बम ठरला. त्यामुळे पहिल्याबद्दल फारसा वाद उरलेला नाही. खरी चर्चा दुसऱ्या आणि तिसऱ्याची, कारण ते बँडच्या उत्तरार्धाचे संग्रह आहेत आणि उत्तरार्धाबद्दल समीक्षकांचे मत कधीच एक नव्हते.

दुसऱ्या संग्रहाकडे समीक्षक कोणत्या नजरेने पाहत होते?

हे समजायला थोडे मागे जावे लागते. 'क्वीन' आणि संगीत-पत्रकारिता यांचे संबंध कधीच गोड नव्हते. 'एनएमई' या ब्रिटिश साप्ताहिकाने १९७७ मध्ये फ्रेडीच्या मुलाखतीला हा माणूस मूर्ख आहे का, अशा अर्थाचा मथळा दिला होता. १९७९ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकात डेव्ह मार्श यांनी बँडच्या 'जॅझ' या अल्बमचे परीक्षण करताना त्यांना थेट फॅसिस्ट वळणाचा रॉक बँड ठरवले. हजारोंच्या गर्दीला एका तालावर टाळ्या वाजवायला लावणे समीक्षकांना हुकूमशाही वाटत होते. गर्दीला ते यात्रेसारखे वाटत होते.

ऐंशीच्या दशकात दुरावा वाढला. १९८२ च्या 'हॉट स्पेस' या अल्बममध्ये बँड नृत्यसंगीताकडे वळला आणि गिटारवर प्रेम करणारे चाहतेही बिथरले. १९८४ मध्ये वर्णभेदी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत सन सिटी येथे कार्यक्रम केल्याने बँडवर सडकून टीका झाली. ही टीका निव्वळ आवडीनिवडीची नव्हती, तिला नैतिक आधार होता. पुढच्याच वर्षी, १३ जुलै १९८५ रोजी, वेम्बली स्टेडियमवरच्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमात बँडने जेमतेम वीस मिनिटांत मैदान मारले आणि लोकांचे मत फिरले. त्या वीस मिनिटांत नवे काहीच नव्हते. तोही एक छोटा हिट गाण्यांचा संग्रहच होता.

या पार्श्वभूमीवर २८ ऑक्टोबर १९९१ रोजी 'ग्रेटेस्ट हिट्स २' आला. १९८१ ते १९९१ या दहा वर्षांची गाणी त्यात होती. तेव्हा फ्रेडीच्या प्रकृतीबद्दल फक्त कुजबुज होती, अधिकृतपणे कोणी काही बोलत नव्हते. त्यामुळे परीक्षणासाठी तो हाती घेणाऱ्यासमोर होता तो एका जुन्या, श्रीमंत, नाटकी बँडचा दिवाळीच्या बाजाराच्या वेळी आलेला आणखी एक संग्रह. नाताळाची खरेदी तोंडावर असताना असे संग्रह काढण्याची पद्धत तिकडे जुनीच आहे.

२३ नोव्हेंबरला फ्रेडीने आपल्याला एड्स असल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी तो गेला. अल्बम येऊन चार आठवडेही झाले नव्हते.

गाणी तीच होती, त्यांचा क्रमही तोच होता. पण शेवटून दुसरे गाणे, 'द शो मस्ट गो ऑन', आता मरणाच्या दारातून गायलेले आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक होते. जो संग्रह महिन्यापूर्वी धंद्याची चाल वाटला असता, तो निरोप वाटू लागला. पुढे ब्रिटनमधल्या सर्वकालीन सर्वाधिक खपाच्या यादीत त्याने पहिल्या विसांत जागा मिळवली आणि उत्तरार्धातल्या 'क्वीन'कडे गंभीरपणे पाहण्याची सुरुवातही याच काळात झाली. संग्रहाबद्दलचे मत केवळ गाण्यांवरून ठरत नाही, तो कोणत्या दिवशी ऐकला यावरूनही ठरते, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

मग समीक्षकांचा आक्षेप चुकीचा होता का?

नाही. भावना बाजूला ठेवून यादी पाहिली की आक्षेपातले तथ्य दिसते. 'हॉट स्पेस' या वादग्रस्त अल्बममधून संग्रहात घेतले आहे ते फक्त 'अंडर प्रेशर', आणि तेही मुळात अल्बमच्या आधी, १९८१ मध्ये डेव्हिड बोवीसोबत स्वतंत्रपणे आलेले आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले गाणे. त्याच अल्बममधले 'बॉडी लँग्वेज' अमेरिकेत अकराव्या क्रमांकापर्यंत गेले होते, पण ते संग्रहात नाही. म्हणजे बँडने जिथे धाडस केले आणि तोंडावर आपटला, तो तुकडाच इतिहासातून अलगद काढून टाकला. नव्याने ऐकणाऱ्याला वाटावे, ही दहा वर्षे म्हणजे विजययात्राच होती.

दुसरा आक्षेप कापाकापीचा. सीडीवर साधारण ऐंशी मिनिटांचीच जागा असते. १७ गाणी बसवायची तर काही गाणी सिंगलसाठी छोटी केलेल्या रूपात घ्यावी लागतात. ज्याने फक्त संग्रह ऐकला, त्याला काही गाण्यांचे पूर्ण रूप माहीतच नसते. तिसरा आक्षेप क्रमाचा. गाणी काळानुसार लावलेली नाहीत, त्यामुळे बँड कुठून कुठे गेला हे कळत नाही.

चाहत्यांचे उत्तरही तितकेच सरळ आहे. ज्याच्या खिशात एकाच अल्बमचे पैसे आहेत, त्याने काय घ्यावे? नव्वदच्या दशकात कॅसेट घेण्यासाठी महिनाभर पैसे साठवणाऱ्या मुलाला सगळे स्टुडिओ अल्बम क्रमाने ऐकण्याचा सल्ला देणे ही पुस्तकी हुशारी झाली. स्वीडनच्या 'अॅबा'चे उदाहरण इथे उपयोगी आहे. १९९२ चा 'अॅबा गोल्ड' हा संग्रह आला तेव्हा तो बँड अनेकांच्या लेखी कालबाह्य होता. त्या एका संग्रहाने नवी पिढी जोडली आणि २०२१ मध्ये ब्रिटनच्या अल्बम यादीत एक हजार आठवडे पूर्ण करणारा तो पहिला अल्बम ठरला. संग्रह दार उघडतो. पुढे आत किती जायचे, हे ऐकणाऱ्यावर असते.

तिसरा संग्रह का फसला?

कारण तो नावाला जागला नाही. १९९९ च्या 'ग्रेटेस्ट हिट्स ३' वर बँडचे नाव 'क्वीन प्लस' असे होते. आत फ्रेडीची आणि ब्रायन मे यांची स्वतंत्र गाणी, एल्टन जॉन आणि जॉर्ज मायकल यांनी गायलेली कार्यक्रमांतली ध्वनिमुद्रणे, वायक्लेफ जॉन यांच्यासोबतचे रिमिक्स, 'अंडर प्रेशर'चे नवे मिश्रण आणि एक नाताळाचे गाणे, अशी भेळ होती. समीक्षकांनी झोडपले आणि इथे चाहतेही फार भांडायला आले नाहीत. पहिले दोन संग्रह ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले होते, तिसरा तिथवर पोहोचला नाही. हिट गाणी संपल्यावर काढलेला हिट गाण्यांचा संग्रह, एवढेच त्याचे वर्णन पुरे.

'हिट' ठरवते कोण?

१९८१ चा पहिला संग्रह निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या यादीने निघाला होता, कारण जे इथे गाजले ते तिथे गाजलेच होते असे नाही. दुसरा संग्रह तर तेव्हा अमेरिकेत आलाच नाही. तिथे १९९२ मध्ये 'क्लासिक क्वीन' नावाचा वेगळा संग्रह निघाला आणि त्यात सत्तरच्या दशकातले 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' होते. कारण त्याच वर्षी 'वेन्स वर्ल्ड' या विनोदी चित्रपटातल्या एका प्रसंगामुळे ते गाणे अमेरिकेत पुन्हा दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले होते. मोटारीत बसून माना हलवणाऱ्या पोरांनी कंपनीची यादी बदलली.

२०२३ मध्ये लहान मुलांसाठीच्या 'योटो' या श्राव्य उपकरणावर पहिला संग्रह आला, तेव्हा त्यातून 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' हे गाणे वगळले गेले आणि ब्रिटनच्या वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. बाजूने बोला किंवा विरोधात, एक गोष्ट त्यातून उघड झाली : यादी आपोआप होत नाही. कुणीतरी बसून ती करतो.

पण यादीइतकाच, किंबहुना जास्त महत्त्वाचा प्रश्न आहे तो यादीतल्या नावांचा.

गीतकाराचे नाव इतके महत्त्वाचे का?

'क्वीन'ची गंमत अशी, की चौघांपैकी प्रत्येकाने बँडला मोठे हिट गाणे दिले. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' फ्रेडीचे, 'वुई विल रॉक यू' ब्रायन मे यांचे, 'अनदर वन बाइट्स द डस्ट' जॉन डीकन यांचे, 'रेडिओ गा गा' रॉजर टेलर यांचे. प्रत्येक गाण्यासमोर लिहिणाऱ्याचे नाव छापले जायचे आणि त्या नावावर पैसे मिळायचे. त्यावरून भांडणेही झाली. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या तबकडीच्या मागच्या बाजूला टेलर यांचे गाणे होते. तबकडी खपली ती पुढच्या बाजूमुळे, पण मागच्या बाजूच्या गीतकारालाही तितकेच मानधन मिळाले आणि बँडमध्ये कुरबुर झाली. शेवटी १९८९ च्या 'द मिरॅकल' या अल्बमपासून सगळी गाणी 'क्वीन' या एकाच नावावर टाकण्याचे ठरले.

म्हणजे संग्रहाला कितीही नावे ठेवा, त्यातल्या प्रत्येक ओळीचा हिशेब लागतो. गाणे कुणी लिहिले, कधी आले, कुणाच्या मालकीचे आहे, हे कव्हरवर असते. जून २०२४ मध्ये 'क्वीन'च्या गाण्यांचे हक्क सोनी म्युझिक सुमारे १०० कोटी पौंडांना विकत घेत असल्याच्या बातम्या आल्या. इतकी किंमत येऊ शकली, कारण प्रत्येक गाण्याची कागदपत्रे जागेवर होती.

आता हेच शिरूर-दौंडला लावून पाहू.

इथे हिट गाण्यांचा संग्रह कोण करते?

रोज रात्री होतो, पण छापला जात नाही. पुणे-सोलापूर महामार्गावर दौंड तालुक्यातले चौफुला कला केंद्रांसाठी ओळखले जाते. तिथे चालते ती संगीत बारी. बैठकीतली लावणी, पेटी-ढोलकी आणि समोरच्या रसिकाची फर्माईश. फर्माईश म्हणजे ऐकणाऱ्याने जागेवर बसून केलेला हिट गाण्यांचा संग्रहच. त्यात चित्रपटातली लावणी किती, परंपरेतली बैठकीची लावणी किती, हे समोर बसलेल्याच्या पसंतीवर ठरते. ज्या गाण्याला फर्माईश येत नाही, ते दोन-चार वर्षांत गळून पडते, कारण पुढच्या पिढीतल्या मुलीला ते शिकवण्याचे कारणच उरत नाही.

शिरूर तालुक्यात ढोलकी फडाच्या तमाशाचा वारसा आहे आणि त्यात कवठे येमाई हे नाव पुढे. लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर याच गावचे. १ मार्च १९४७ ते १२ नोव्हेंबर २०२१ असा त्यांचा जीवनकाळ. गण, गवळण, लावणी, वग, लोकनाट्य असे सगळे प्रकार त्यांनी हाताळले. दत्ता महाडिक पुणेकर, रघुवीर खेडकर, चंद्रकांत ढवळपुरीकर अशा नामवंत फडांनी त्यांची गाणी रंगमंचावर नेली. व्यसनमुक्ती, हुंडा, ग्रामस्वच्छता अशा विषयांवरही त्यांनी लिहिले. राज्य सरकारचा २०१८ चा तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला.

त्यांचे 'सारं हायब्रीड झालं' हे गाणे घ्या. पिकापासून माणसापर्यंत सगळेच संकरित झाले, असा टोला पारावर बसून आजही मारला जातो. तो कवठ्याच्या माणसाने लिहिलेल्या गाण्यातला आहे, हे किती जणांना ठाऊक असते? तमाशाच्या व्यवहारात गाणे ओळखले जाते ते फडाच्या नावाने. 'अमक्या फडाची गवळण' असे म्हटले जाते, लिहिणाऱ्याचे नाव मागे राहते. यात कुणा एकाचा दोष नाही, रीतच तशी आहे. सुपारी फडाला मिळते, पत्रिकेवर नाव फडाचे असते आणि नारायणगावच्या राहुट्यांमध्ये बोली होते ती फडाचीच.

पूर्वी नाव कसे टिकायचे?

जुन्या शाहिरांकडे यावर पक्का उपाय होता. ते आपले नाव गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गुंफायचे. राम जोशी, होनाजी बाळा यांच्यापासून पठ्ठे बापूरावांपर्यंत ही नाममुद्रा दिसते. बापूरावांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, पण लोकांच्या तोंडी राहिले ते त्यांनी गाण्यात गुंफलेले नाव. आजच्या भाषेत हा गाण्याचा मेटाडेटा होता. वेगळ्या कागदावर नव्हे, गाण्याच्या अंगावरच गोंदलेला. गाणे एका गावाहून दुसऱ्या गावाला, एका फडातून दुसऱ्या फडात गेले तरी कर्त्याचे नाव सोबत जायचे.

हिट गाण्यांच्या संग्रहाची, मेडलीची आणि रीलची अडचण नेमकी इथे आहे. नॉनस्टॉप गाण्यांच्या कार्यक्रमात प्रत्येक गाण्याचे ध्रुवपद आणि फार तर एक कडवे घेतात. लग्नातल्या बेंजोवर तर धून तेवढी वाजते. मोबाइलवरच्या रीलला तीस सेकंद पुरतात. कात्री लागते ती शेवटच्या कडव्याला, आणि नाव असते शेवटच्याच कडव्यात.

'क्वीन'च्या संग्रहात गाणी कापली गेली तेव्हा श्रोत्याचे दोन-तीन मिनिटांचे संगीत हुकले. इथे कापली जातात तेव्हा कर्ताच गळून पडतो. रॉकच्या समीक्षकांनी संग्रहांवर घेतलेले आक्षेप इथे त्यामुळे जास्त लागू पडतात. फरक इतकाच की इथे ते घेणारे कुणी नाही. तमाशातल्या गाण्यांची यादी कुणी बदलली, कोणते गाणे वगळले, कोणते कापले, यावर परीक्षण लिहिले जात नाही. टीका होते ती सरसकट, 'तमाशा बिघडला' अशी. अमुक गवळण अमुक साली गायली जायची, आता का नाही, असा प्रश्न विचारायला आधी ती यादी तरी हाताशी हवी.

कायदा काय सांगतो?

बराच गीतकाराच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायद्यातील २०१२ ची दुरुस्ती २१ जून २०१२ पासून लागू झाली. त्यानुसार गीतकार आणि संगीतकाराला ध्वनिमुद्रणाच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला आपला समान वाटा करारातून सोडून देता येत नाही. एकरकमी पैसे देऊन 'सगळे हक्क आमचे' असे लिहून घेण्याला त्यामुळे मर्यादा आली. कॅसेटच्या काळातले करार मात्र याच्या आधीचे आहेत आणि अनेकदा ते कागदावर नव्हतेच.

दुसरी तरतूद कमी माहितीची, पण इथे अधिक उपयोगाची. कायद्याच्या कलम ५७ नुसार आपल्या कृतीवर कर्ता म्हणून नाव सांगण्याचा हक्क लेखकाकडे कायम राहतो. आर्थिक हक्क विकले तरी तो जात नाही आणि लेखकाच्या पश्चात त्याचे कायदेशीर वारस तो बजावू शकतात. म्हणजे पैशाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी नावाचा हक्क शाबूत आहे.

गीत आणि संगीत यांच्यावरचा कॉपीराइट कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. २०२१ मध्ये निधन झालेल्या गीतकाराच्या, दुसऱ्याला न दिलेल्या रचनांचे हक्क २०८१ अखेरपर्यंत वारसांकडे राहतील. रॉयल्टी गोळा करून गीतकार-संगीतकारांना वाटण्याचे काम 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' ही मुंबईतली संस्था करते. १९६९ ची ही संस्था २०१७ मध्ये नव्याने नोंदणीकृत झाली. दिवंगत गीतकाराच्या वारसांनाही तिचे सदस्य होता येते. पण त्यासाठी कोणती गाणी आपल्या माणसाची, हे दाखवावे लागते.

स्ट्रीमिंगमुळे परिस्थिती सुधारली की बिघडली?

दोन्ही. आता हिट गाण्यांचा संग्रह कंपनी काढत नाही, अल्गोरिदम काढतो आणि तो रोज बदलतो. जे ऐकले जाते तेच पुढे ढकलले जाते. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की मागच्या बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा ऐकले गेलेल्या ध्वनिमुद्रणालाच रॉयल्टीत वाटा मिळेल. मुंबईतल्या कंपनीसाठी हा आकडा किरकोळ आहे. तालुक्यापुरत्या माहीत असलेल्या देवीच्या गाण्यासाठी किंवा वगातल्या एखाद्या पदासाठी तो डोंगर ठरू शकतो.

तंत्रज्ञानाची दुसरी बाजूही आहे. आज अपलोड होणाऱ्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा सांकेतिक क्रमांक देता येतो. भारतात त्याची व्यवस्था 'इंडियन म्युझिक इंडस्ट्री' ही संस्था पाहते. मूळ रचनेसाठी आयएसडब्ल्यूसी नावाचा वेगळा क्रमांक असतो. गाणे कुणीही, कितीही वेळा, कितीही कापून वापरले तरी या दोन क्रमांकांमुळे त्याचा माग लागू शकतो. नाममुद्रेचे काम आता हे आकडे करू शकतात. अट एकच, अपलोड करणाऱ्याने गीतकाराचा रकाना भरलेला असला पाहिजे. यूट्यूबवर जुन्या कॅसेटवरून चढवलेल्या असंख्य फितींच्या शीर्षकात 'जुनी गवळण', 'यात्रा स्पेशल', 'नॉनस्टॉप' एवढेच असते. रकाना रिकामाच.

मग संग्रह हवा की नको?

'वग बंद पाडून फक्त गाणी' हा प्रकार तमाशाचे नुकसान करतो, हे जुन्या रसिकांचे म्हणणे बरोबर आहे. वगात कथा आहे, सोंगाड्याची हजरजबाबी आहे, गावच्या पुढाऱ्याला तोंडावर चिमटा काढण्याची सोय आहे. एकट्या गाण्यात यातले थोडेच येते. फडमालकाची बाजूही खोटी नाही. ट्रक, तंबू, कलावंत आणि वादकांचा पगार एका रात्रीच्या सुपारीत निघाला पाहिजे, तर गर्दी उठून जाऊन चालत नाही. करोनाच्या दोन वर्षांत यात्राच बंद राहिल्या आणि अनेक फड कर्जात गेले. त्यानंतर धाडस करायला सांगणे सोपे आणि करणे अवघड.

पण ध्वनिमुद्रित संग्रहाची गोष्ट वेगळी. तो वगाची जागा घेत नाही, उलट गाणे जपतो. कवठे येमाईच्या गीतकाराची, शिरूरच्या फडांची, चौफुल्याच्या बैठकीतली गाणी पूर्ण, शेवटच्या कडव्यासकट, लिहिणारा, चाल लावणारा, गाणारा आणि वर्ष यांच्यासह एकत्र आली, तर त्यावर टीका जरूर व्हावी. हे का घेतले, ते का वगळले, अमक्याची गवळण यापेक्षा सरस होती, असे वाद व्हावेत. 'क्वीन'च्या दुसऱ्या संग्रहातून एक गाणे गळले, त्यावर आजही जगभरचे चाहते भांडतात, कारण काय गळले हे त्यांना माहीत आहे.

यासाठी लागणारी सामग्री अजून तालुक्यातच आहे. जुन्या वादकांच्या ट्रंकेतल्या वह्या, यात्रांच्या पत्रिका, कॅसेटची कव्हरे. कॅसेटच्या पाठीवर बारीक अक्षरांत गीतकाराचे नाव छापलेले असे आणि फीत खराब झाली तरी तो कागद वाचता येतो. कवठे येमाई, चौफुला आणि आसपासच्या गावांत सत्तरी ओलांडलेले ढोलकीवाले, सुरत्ये, गायिका आहेत. कोणते पद कुणी लिहिले, हे त्यांच्याकडून आजही विचारून घेता येते.